शुक्रवारचा वास

आमच्या वरच्या मजल्यावर सर सहा वर्षं आणि दोन महिने राहिले. त्यांच्याआधी त्या जागेत तीन भाडेकरू होऊन गेले, नंतर एक आला. या पाचांपैकी चौघांनी जागा बघायला आल्यावर नळ सोडून पाहिला, संडासाची कडी लावून पाहिली आणि विजेचं मीटर वेगळं आहे का ते विचारलं. यांनी यातलं काहीच केलं नाही. सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या, मधल्या खोलीत डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "इथे वारा बहुतेक कुठून येतो?"

मी म्हटलं, "दुपारी पश्चिमेकडून. सकाळी कधीकधी तळवड्याच्या बाजूनं."

"तिकडे रंगाचं काम चालतं?"

"पावडर कोटिंगच्या दोन-तीन शेड आहेत."

"मग ठीक. येतो मी राहायला."

बायको जिन्यात उभी होती. ते गेल्यावर ती म्हणाली, "हे घर बघाया आलं हुतं का घराचा वास घ्यायला?"

माझी बायको कुरुळीची. पंचवीस वर्षं निगडीच्या प्राधिकरणात राहून चारचौघांत ती माझ्यासारखं बोलते, पण चिडली किंवा खूश झाली की तिची कुरुळी परत येते. सरांशी बोलताना ती बहुतेक वेळ कुरुळीतच असायची. आम्ही दोघंही त्यांना सर म्हणत होतो. ते तिला वहिनी म्हणत आणि मला मालक. मला ते 'मालक' सुरुवातीला टोचायचं, कारण घराचे हप्ते तेव्हा चालू होते. पुढे सवय झाली.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ते शास्त्रज्ञ होते. पत्नी वारलेली, मुलगी बंगळूरला. संस्थेजवळ क्वार्टर मिळत असताना ते निगडीत येऊन राहिले आणि रोज बसनं पुण्याला जाऊ लागले. कारण विचारलं तर म्हणाले, "माझं काम वासाचं. वास सगळे इकडे आहेत. मी तिकडे झाडांत राहून काय करू?"

त्यांचं काम मला समजलं तेवढं सांगतो. तरुणपणी त्यांनी बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळू लागला तर ओळखणारी एक गोळी बनवली. तांदळाच्या दाण्याएवढी, भाजलेल्या मातीसारखी. हवेत अमोनिया आला की तिच्यातून वीज कमी-जास्त वाहते. त्यात त्यांची बारा वर्षं गेली. मग त्यांच्या लक्षात आलं की कुठल्याच गोळीला एकच वास कळत नाही, प्रत्येकीला थोडं थोडं सगळंच कळतं. मग आठ गोळ्या शेजारी शेजारी बसवायच्या आणि आठांचं मिळून काय म्हणणं आहे ते गणितानं काढायचं. आपलं नाकही असंच काम करतं म्हणे. तेव्हा नाक बघायला हवं, म्हणून हे गृहस्थ वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकले आणि माणसाच्या, कुत्र्याच्या, उंदराच्या नाकाची जनुकं वाचत बसले. जनुकं म्हणजे चार अक्षरांची लांबच लांब पट्टी. त्यांच्या खोलीत दोन कपाटं होती. एकात तपकिरी बाटल्या, दुसऱ्यात त्या अक्षरांचे कागद.

"माणसाच्या नाकातली निम्म्याहून जास्त जनुकं बंद पडलेली आहेत, मालक," ते एकदा म्हणाले. "भोसरीच्या एमआयडीसीत बंद शेड असतात ना, बाहेर बोर्ड तसाच, आत गवत. तशी. मी नुसते बोर्ड वाचत फिरतो."

संस्थेत रसायनवाले त्यांना कॉम्प्युटरवाला म्हणायचे आणि कॉम्प्युटरवाले रसायनवाला. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना मजा वाटत होती.

घरात त्यांचे नियम होते. जिन्यात अगरबत्ती नको. जिन्यात फिनेल नको, साध्या पाण्यानं पुसा. त्यांच्याकडे येणाऱ्यानं अत्तर लावून येऊ नये. बायकोनं हे सगळं पाळलं, पण तोंड बंद ठेवून नाही. "देव काय म्हणंल, सर?" ती विचारायची. "देवाला वास तुमच्या देवघरातून जातोच आहे, वहिनी. जिना माझ्या प्रयोगात येतो."

आणि इतकं नाक जपणारा हा माणूस एकदा डब्यातली आंबलेली आमटी भातासकट संपवून आला. बायकोनं डबा धुवायला घेतला आणि ती तिथेच थांबली. "सर, ह्ये तुमी खाल्लंत? वास न्हाई आला?"

"तेव्हा मी वास घेत नव्हतो," सर म्हणाले. "जेवत होतो."

त्यांचा सगळ्यात मोठा नियम मात्र वेगळाच होता. कोणालाही काही हुंगायला दिलं की आधी हातात चिठ्ठी आणि पेन्सिल द्यायची. "आधी लिहा, मग बोला." एकानं वासाचं नाव तोंडातून काढलं की बाकीच्यांना तोच वास येतो, असं ते म्हणायचे. चिठ्ठी लिहून झाली की सगळ्यांनी आपापली उलटी करून दाखवायची. लपवायची नाही.

याचा पडताळा सगळ्या गल्लीला आला. एका संध्याकाळी समोरच्या इमारतीत कोणीतरी "गॅस गळतोय" म्हणून ओरडलं. दहा मिनिटांत पंचवीसेक माणसं रस्त्यावर. प्रत्येकाला गॅसचा वास येत होता, मलाही. सर खाली आले. आधी इमारतीचा कॉक बंद करायला लावला, मग वर जाऊन चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आले. लोकांना वाटलं पत्ते वाटतायत. त्यांनी मुद्दाम नुकतेच बसमधून उतरलेले चौघे गाठले, एकेकाला वेगळं नेलं आणि लिहायला लावलं. एकानं लिहिलं गटार. तिघांनी लिहिलं फणस. जिन्याखाली तळमजल्यावरच्या कोकणातल्या कुटुंबानं पोत्यात गुंडाळून ठेवलेला फणस निघाला, पिकून उलायला लागलेला. गॅसवाल्यांचा माणूस येऊन तपासून गेला तेव्हा गल्ली गरे खात होती.

मी स्वतः चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाडीच्या गिअरला लागणारे दांडे आम्ही बनवतो. मोजायचं आणि लिहून ठेवायचं, सत्तावीस वर्षं मी हेच करतो. घरातही मी पाण्याच्या टाकीची, गॅस सिलिंडरची आणि भिंतीला रंग दिल्याची नोंद ठेवतो. बायको हसते. सरांनी माझी नोंदवही पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते हसले नाहीत. अर्धा तास वाचत बसले. मग म्हणाले, "मालक, तुमच्या कंपनीत कूलंट नासतं का?"

लोखंड कापताना यंत्रावर दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, ते कूलंट. यंत्राखालच्या टाकीतून ते वर येतं आणि परत टाकीत पडतं. चालू राहिलं तर ठीक, साचून राहिलं की त्यात जिवाणू वाढतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्यामुळे शुक्रवारी सकाळी शॉपचं, म्हणजे यंत्रांच्या शेडचं, दार उघडलं की पहिला वास तोच. त्याला आम्ही शुक्रवारचा वास असंच म्हणतो. नाकाला ते सहन होतं, हातांना होत नाही. आमच्याकडे भोसले म्हणून एक ऑपरेटर आहेत, त्यांचे हात त्या पाण्यानं मनगटापासून कोपरापर्यंत फुटले होते. नाकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आधी कळलं तर टाकी वेळेवर बदलता येते.

सर तिथेच अडकले. कूलंट नासतं तेव्हा कोणकोणते जिवाणू वाढतात ते त्यांनी त्या चार अक्षरांवरून काढलं, कोणता जिवाणू कोणता वायू सोडतो त्याची यादी केली आणि तेवढ्यासाठी आठ गोळ्यांचं एक यंत्र बनवलं. डब्याएवढं, वर दोन दिवे. हिरवा म्हणजे चांगलं, लाल म्हणजे नासलेलं. यंत्राला बाहेर आलेलं नाक नव्हतं, नुसतं भोक होतं, म्हणून बायकोनं त्याचं नाव नकटी ठेवलं. सरांनीही तेच घेतलं. संस्थेत फोनवर बोलतानासुद्धा ते "नकटीचं आज बरं नाही" असं म्हणायचे.

नमुने मी आणत होतो. काचेची बाटली टाकीच्या तोंडाशी उघडायची, अर्धी भरायची, बूच लावायचं, नोंद करायची. तारीख, वेळ, मशीन नंबर, माझ्या नाकाचं मत आणि शेरा. दोन वर्षं मी हे केलं. चांगल्याचे नमुने कुठल्याही दिवशी मिळत. खराबाचे मी शुक्रवारी सकाळी घ्यायचो, कारण त्या दिवशी शोधत हिंडावं लागत नसे. कंपनीच्या बसमध्ये माझ्या पिशवीशेजारी कोणी बसायचं नाही. बीडचे कदम तर चढल्या चढल्या विचारायचे, "काय राव, आज चांगलं हाय का मेलेलं?"

नकटी शिकली. मी आणलेल्या बाटल्यांपैकी शंभरात शहाण्णव वेळा ती बरोबर सांगू लागली. सरांनी लेख लिहिला, तो परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकात छापून आला, आणि शेवटी आभार मानलेल्यांत माझं नाव होतं. माझं नाव लग्नपत्रिकेनंतर तिथेच छापलं गेलं. बायकोनं ते पान लॅमिनेट करून शोकेसमध्ये ठेवलं. कदमांनी बसमध्ये विचारलं, "मानधन किती दिलं?" मी म्हटलं काही नाही. "मग नाव तरी मोठ्या अक्षरात हाय का?"

सरांच्या निवृत्तीला तेव्हा आठ महिने उरले होते. त्या लेखावर आणि आमच्या कंपनीशी होणाऱ्या करारावर त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार होती. ती मिळाली तर प्रयोगशाळा राहणार होती. नाही मिळाली तर किल्ली द्यायची आणि घरी बसायचं. आमच्या प्लांट हेडसमोर नकटी दाखवायचा दिवस ठरला. ही गोष्ट त्याच्या बारा दिवस आधीच्या रविवारची.

त्या रविवारी बायकोच्या माहेरची माणसं जेवायला येणार होती. तिनं पहिल्यांदाच नियम मोडला आणि जिना काळ्या फिनेलनं पुसला. सरांनी नकटी वरच्या पायरीशी स्टुलावर ठेवली होती, चालू. थोड्या वेळानं बायकोची हाक आली, रागाची.

"सर, तुमच्या ह्या नकटीला सांगा, दोन येळा पुसलाय म्या जिना. तरी नासकाच म्हणतीय."

लाल दिवा लागला होता. सर हसत बाहेर आले. "वहिनी, तिला कूलंटशिवाय काही शिकवलेलंच नाही. बाकीच्या बाबतीत ती काहीही..."

वाक्य पुरं झालं नाही. ते ओल्या पायरीवर तसेच बसले. पँट भिजली तरी उठले नाहीत. मग मला म्हणाले, "मालक, तुमच्या शॉपमध्ये फरशी फिनेलनं कधी धुतात?"

सत्तावीस वर्षं मी त्या फरशीवर चालतो आहे. मला सांगता आलं नाही.

मी नोंदवही आणली. खराबाचे नमुने त्रेसष्ट. त्यांतले शुक्रवारचे एकसष्ट. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात, चोपन्न ठिकाणी: 'फरशी ओली'. घसरू नये म्हणून मी लिहीत होतो. दोन वर्षं लिहिलं आणि एकदाही वाचलं नाही.

सोमवारी मी साफसफाईच्या मंगलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "येरवी नुसतं पाणी मारतो, साहेब. बेस्तरवारी मशिनी बंद असत्यात नव्हं, तवा सगळा फ्लोअर काळ्या फिनेलनं धुतो आमी. का? कुनी कंप्लेंट केली का काय?"

मी म्हटलं, "नाही बाई. चांगलं धुता तुम्ही."

म्हणजे नकटीला नासलेलं कूलंट कळतं की गुरुवारचं फिनेल, हे बघायला शुक्रवार सोडून दुसऱ्या दिवशीचं नासलेलं कूलंट हवं होतं. आमच्याकडे एक मशीन दुरुस्तीसाठी तीन आठवडे बंद होतं. मंगळवारी मी त्याच्या टाकीतून बाटली भरली. बूच नीट बसलं नव्हतं. बस तळवड्याच्या चौकात अडकली आणि वास सुटला.

"ए क्वालिटी," कदम मागून म्हणाले, "तुमचं आजचं रिजेक्ट करा की. बाहेर फेका."

"कदम, पाच मिनिटं नाक दाबा."

"नाक दाबतो हो, पण डोळ्याला पाणी आलंय त्याचं काय?"

संध्याकाळी साडेसहाला मी सरांपुढे तीन बाटल्या ठेवल्या. नंबर मी घातले होते, कशात काय ते त्यांना माहीत नव्हतं. पहिलीत ताजं कूलंट. दुसरीत ताजंच, पण फिनेलच्या बोळ्याशेजारी उघडून भरलेलं. तिसरीत बसमधलं. नकटीनं पहिलीला हिरवा दिवा दाखवला. दुसरीला लाल. तिसरीला हिरवा.

सरांनी तिसरी पुन्हा लावली. हिरवा. आणखी एकदा. हिरवा. बायको चहा घेऊन आली होती, तिनं त्या बाटलीवर वाकून पाहिलं आणि पदर नाकाला लावला. "शी. म्हशीच्या डबक्याला बी असला वास नसतो. आन ह्याला चांगलं म्हणती व्हय ही?"

"तिची चूक नाही, वहिनी," सर म्हणाले. "आम्ही तिला जे दाखवलं तेच ती शिकली. आम्ही फिनेल दाखवलं."

बायको खाली गेली. खोलीत वास होता, आणि आम्ही दोघं. त्यांनी टेबलावरचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला. एक मला दिली, एक स्वतः घेतली. "आता काय करायचं ते. आधी लिहू, मग बोलू."

मी पटकन लिहिलं. त्यांना वेळ लागला. मग दोघांनी चिठ्ठ्या उलट्या केल्या.

त्यांच्या चिठ्ठीवर होतं: 'लेख मागे घ्यायचा. नियतकालिक, संस्था, कंपनी, तिघांना उद्या कळवायचं.'

माझ्या चिठ्ठीवर होतं: 'नमुने पुन्हा घेऊ. मुदतवाढ मिळेपर्यंत कोणाला सांगू नये.'

मी आयुष्यात एक मायक्रॉन चुकलेला दांडा पास केलेला नाही. सुपरवायझरांशी, मॅनेजरांशी त्यावरून भांडलो आहे. आणि हे मी लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात, तारखेसकट. चिठ्ठी परत घ्यायला मी हात पुढे केला, पण ती त्यांनी आधीच उचलली होती.

"वाईट नाही," ते म्हणाले. "यात काम वाचतं. रविवारपासून काल दुपारपर्यंत मी मनात हेच लिहीत होतो."

"सर, मी तुमच्यासाठी..."

"ते दिसतंय मला." त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. "ते तुमचे भोसले आज कुठल्या मशीनवर होते?"

मी सांगितलं.

"लेख वाचून उद्या कोणी दुसऱ्यानं नकटी बनवली आणि एखाद्या मंगळवारी असल्या टाकीवर हिरवा दिवा लागला, तर तिकडचा भोसले त्यात हात घालेल. मुदतवाढीला चार-पाच महिने लागतील. तेवढ्यात वीसेक मंगळवार होतात."

हा हिशेब मी करायला हवा होता.

प्लांट हेडना सांगायला मी बरोबर गेलो. ते चांगले गृहस्थ, त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, "सर, एवढंच ना? आम्ही फिनेल बंद करतो. तुम्ही डेमो द्या."

सर म्हणाले, "फिनेल बंद केलंत तर लाल दिवा कधीच लागणार नाही, साहेब."

लेख मागे घेतल्याची सूचना तीन महिन्यांनी छापून आली. सरांनी ती मला मराठीत करून वाचून दाखवली. नमुने कधी घ्यायचे याची आखणी चुकली आणि ती आखणी त्यांची स्वतःची होती, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि पुढे, ही चूक सापडली ती नमुने घेणाऱ्यानं ठेवलेल्या संपूर्ण नोंदींमुळे. तिथे पुन्हा माझं नाव.

मी म्हटलं, "सर, शुक्रवार मी निवडला होता. माझ्या सोयीसाठी."

"मी खराब आणा म्हटलं, तुम्ही खराब आणलंत. कुठल्या वारी आणायचं ते सांगणं माझं काम."

"पण आभार कशाचे?"

"'फरशी ओली' याचे," ते म्हणाले. "चोपन्न वेळा."

मुदतवाढ मिळाली नाही. पत्र दोन ओळींचं होतं. साठ पुरी झाली त्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली दिली आणि रिक्षातून दोन खोकी आणि नकटी घेऊन आमच्या गेटाशी उतरले. बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. सरांवरून टाकला की नकटीवरून, ते मी विचारलं नाही.

त्यानंतरची पावणेदोन वर्षं त्यांनी वरच्या खोलीत सगळं पहिल्यापासून केलं. माझ्या नोंदवहीत रकाने वाढले: वार, फरशी, फिनेल, शेजारी वेल्डिंग, शेजारी रंगकाम, कोणी जवळ डबा उघडला होता का. मी सातही वारांचे नमुने आणले. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून जायचो, मंगलबाई पोछा थांबवून माझी बाटली धरायच्या. कदमांनी बसमध्ये पिशवीसाठी मागची शेवटची सीट राखून ठेवली. जो बसेल त्याला ते सांगायचे, "उठा राव, तिथं सायन्स बसतंय."

या वेळी नकटी शंभरात एकाहत्तर वेळा बरोबर निघाली. मी निराश झालो. सर झाले नाहीत. "ते शहाण्णव फिनेलचे होते," ते म्हणाले. "हे एकाहत्तर कूलंटचे आहेत." एकाहत्तरचा लेख दोन ठिकाणांहून परत आला. कंपनीनं मात्र भोसल्यांच्या लाइनवर नकटी ठेवून घेतली आहे. तिच्या जोडीला दर सोमवारी आणि मंगळवारी माणूस वास घेतो, आणि सरांच्या सांगण्यावरून तो माणूस दिवा बघायच्या आधी चिठ्ठी लिहितो. भोसल्यांचे हात पूर्वीपेक्षा बरे आहेत. ते नकटीमुळे की नव्या हातमोज्यांमुळे, हे मला सांगता येत नाही, आणि सरांनीही मला सांगू दिलं नसतं.

मग गुडघे दुखायला लागले आणि मुलीनं त्यांना बंगळूरला नेलं. जाताना बाटल्या एका कॉलेजला दिल्या, अक्षरांचे कागद रद्दीत घातले, आणि एक जाड फाइल माझ्या हातात दिली. "कूलंटची आहे. तुमच्याकडे राहू दे. तुम्ही जपाल."

ते गेल्यावर एका रविवारी मी ती उघडली. सगळं तारखेवार लावलेलं. पहिला लेख, मागे घेतल्याची सूचना, संस्थेचं दोन ओळींचं पत्र, प्लांट हेडांचं उत्तर. त्या मंगळवारच्या जागी एका कोऱ्या कागदावर दोन चिठ्ठ्या टाचल्या होत्या, शेजारी शेजारी. त्यांची आणि माझी. त्यांच्या चिठ्ठीखाली काही नव्हतं. माझ्या चिठ्ठीखाली त्यांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दुसरं मत. ग्राह्य धरलं नाही. पण प्रामाणिक, कारण माझी चिठ्ठी बघण्याआधी लिहिलेलं.'

मी टाचणी काढली. चिठ्ठी हातात घेतली. शोकेसमधलं ते लॅमिनेट केलेलं पान लेख मागे घेतला त्याच दिवशी मी काढायला सांगितलं होतं, बायकोनं काढलं नव्हतं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय शोधताय?"

"काही नाही. जुनी नोंद आहे एक."

"चुकलीय का?"

"हो."

"मग?"

आमच्या खात्यात चुकलेली नोंद फाडत नाहीत. वाचता येईल अशी एक रेघ मारतात आणि बाजूला सही करतात. मी चिठ्ठीवर तशी एक रेघ मारली, सही केली, तारीख घातली आणि टाचणी होती त्याच भोकातून परत लावली.